कर्ममीमांसक जैमिनी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पूर्वमीमांसेचे, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावण्याच्या शास्त्राचे, सूत्रकार जैमिनी यांच्यावर या सदरात लिहिल्यानंतर मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांतून पत्रे आली. बहुतेक पत्रांमागे एक समज दिसतो, तो असा की जैमिनी म्हणजे यज्ञ कसा करावा हे सांगणारे कोणी आद्य पुरोहित. तो आधी बाजूला ठेवावा लागतो. आहुती कोणत्या क्रमाने द्यायची आणि वेदी किती हात लांब करायची, हे श्रौतसूत्रे सांगतात. वेदातले एखादे वाक्य आज्ञा आहे की नुसती स्तुती, दोन वाक्ये परस्परांविरुद्ध गेली तर कोणते बलवान, आणि आज्ञा कोणाला लागू होते, हे ठरवण्याची रीत जैमिनी देतात. खालील उत्तरे त्या रीतीला धरून दिली आहेत.

प्रश्न : आमच्या घरी श्रीधरांच्या ‘जैमिनी अश्वमेधा’ची पोथी पिढ्यानपिढ्या वाचली जाते. त्या कथेचे जैमिनी आणि मीमांसासूत्रांचे जैमिनी एकच का? (परभणी)

परंपरेने दोघांना एकच मानले आहे. व्यासांनी वेदांचे चार भाग करून ते चार शिष्यांना दिले, त्यांत सामवेद जैमिनींकडे आला, अशी पुराणांची कथा आहे. सामवेदाची एक शाखा जैमिनीय या नावाने आजही ओळखली जाते आणि तिचे स्वतंत्र ब्राह्मण आहे. अश्वमेधाची जी कथा श्रीधरांनी मराठीत आणली, ती याच व्यासशिष्याच्या तोंडी आहे. फलज्योतिषातली उपदेशसूत्रेही जैमिनींच्याच नावावर आहेत. एका नावावर इतके सारे ग्रंथ दिसले की हे गोत्रनाम असावे आणि ते एकाहून अधिक आचार्यांनी धारण केले असावे, असे अभ्यासकांना वाटते, व तेच संभवनीय आहे.

मीमांसासूत्रांचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकाच्या आसपास धरतात. ग्रंथाचे अध्याय 12 आहेत. तिसरा, सहावा आणि दहावा हे अध्याय प्रत्येकी आठ पादांचे व उरलेले प्रत्येकी चार पादांचे असल्यामुळे एकूण पाद 60 होतात. सूत्रे 2,700 च्या आसपास आणि स्वतंत्र वादविषय, म्हणजे अधिकरणे, 900 हून अधिक. सूत्रकारांच्या चरित्राविषयी मात्र पंचतंत्रातल्या एका श्लोकाखेरीज फारसे काही हाती लागत नाही. पाणिनींना सिंहाने मारले, पिंगलांना मगरीने, आणि मीमांसाकार जैमिनींना हत्तीने चिरडले, असे तो श्लोक म्हणतो. जनावरांना विद्वत्तेची पर्वा नसते, एवढेच सांगण्यासाठी तो रचला आहे. त्यातून चरित्र काढू नये.

प्रश्न : 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या काळात पर्जन्ययागाची फार चर्चा झाली. जैमिनींच्या शास्त्रात पावसासाठी यज्ञ आहे का, आणि तो करूनही पाऊस आला नाही तर शास्त्र काय म्हणते? (लातूर)

आहे. त्याचे नाव कारीरी इष्टी; इष्टी म्हणजे लहान यज्ञ. ‘कारीर्या वृष्टिकामो यजेत’, म्हणजे पाऊस हवा असेल त्याने कारीरी करावी, हे तिचे विधिवाक्य. तिचे मूळ तैत्तिरीय संहितेच्या दुसऱ्या कांडात आहे. करीर म्हणजे कोरड्या माळावर येणारी नेपती. तिची फळे मधात कालवून या इष्टीत वापरतात, आणि यजमानाने काळे वस्त्र नेसायचे असते, कारण पावसाचे रूप काळे. धामच्छद अग्नी, मरुत् आणि सूर्य यांना पुरोडाश म्हणजे पिठाचे रोट दिले जातात, आणि त्या तिघांनाच का, याची उपपत्ती संहिता स्वतः देते : अग्नी येथून पाऊस वर लोटतो, मरुत् त्याला वाहून नेतात, आणि सूर्य किरणांनी खाली वळला की तो पडतो. यज्ञाच्या ग्रंथात निसर्गाचे इतके बारीक निरीक्षण क्वचितच आढळते.

आता फळाचा प्रश्न. मीमांसकांना तो आपल्याइतकाच टोचत होता. पशुधन मिळावे म्हणून ‘चित्रा’ नावाची इष्टी केली, पण ती संपल्यावर गोठा रिकामाच राहिला, तर वेदवाक्य खोटे ठरले की नाही, असा पूर्वपक्ष, म्हणजे खोडण्यासाठी आधी मांडलेले मत, जैमिनींच्या सूत्रांचे भाष्यकार शबरस्वामी यांच्या भाष्यात पहिल्याच अध्यायात स्पष्टपणे मांडलेला आहे. त्याला उत्तर असे दिले आहे की फळ मिळेल एवढेच वाक्य सांगते, ते लगेच मिळेल असे सांगत नाही. कर्म संपते, पण त्यातून ‘अपूर्व’ नावाचे एक सामर्थ्य उरते आणि ते योग्य काळी फळ देते. पुढे शबरांच्या भाष्यावर टीका लिहिणाऱ्या कुमारिल भट्टांच्या परंपरेने फळांचे तीन प्रकार पाडले. स्वर्गासारखे फळ मरणोत्तरच मिळणार. चित्रेचे फळ या जन्मी किंवा पुढच्या जन्मीही मिळू शकते. आणि कारीरीचे फळ मात्र याच जन्मी, नजीकच्या काळात यायला हवे, कारण वाळत चाललेल्या पिकासाठी मागितलेला पाऊस पुढच्या जन्मी येऊन उपयोगाचा नाही. संहितेतही तशी सूचना आहे : पाऊस आला तर तेवढ्यावरच होम करावा, न आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हवी म्हणजे होमद्रव्य काढावे.

म्हणजे कारीरीच्या बाबतीत ‘फळ केव्हातरी मिळेल’ ही पळवाट मीमांसकांनी स्वतःच बंद करून घेतली. पाऊस आलाच नाही, तर कर्मात, कर्त्यात किंवा साधनात काही न्यून राहिले, एवढाच युक्तिवाद उरतो, आणि तो कोणत्याही अपयशाला लावता येत असल्यामुळे मला तो दुबळा वाटतो. इष्टी श्रद्धेने करणाऱ्याशी माझे भांडण नाही. पण मांजरा धरणाच्या पाण्याचे नियोजन हा वेगळा विषय आहे आणि जैमिनींना त्यात साक्षीला बोलावता येत नाही.

प्रश्न : कार्याला बोलावलेले गुरुजी दर वेळी साहित्याची यादी वाढवतात. शास्त्रात असे लिहिले आहे असे म्हटल्यावर आम्हाला गप्प बसावे लागते. जैमिनींचे याबद्दल काही मत आहे का? (बीड)

मत आहे, आणि ते कानउघाडणी करणारे आहे. सोमयागाच्या मंडपात औदुंबरी म्हणजे उंबराचा एक खांब रोवतात. उद्गात्याने, म्हणजे साम गाणाऱ्या ऋत्विजाने, त्या खांबाला स्पर्श करून सामगान करावे, असे श्रुती सांगते. दुसरीकडे एक स्मृतिवचन होते की संपूर्ण औदुंबरी वस्त्राने गुंडाळावी. सगळाच खांब झाकला तर स्पर्श कशाला करणार? पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात जैमिनी निर्णय देतात की श्रुतीशी विरोध आला तर स्मृतीकडे लक्ष देण्याचे कारण नाही. लगेच पुढचे सूत्र आहे ‘हेतुदर्शनाच्च’, म्हणजे वचनामागे दुसरा हेतू दिसतो म्हणूनही. तो हेतू कोणता, हे शबरस्वामी आडपडदा न ठेवता सांगतात : कापड आपल्याला मिळावे या लोभाने कोणीतरी सगळा खांब गुंडाळला, आणि तीच पुढे स्मृती झाली. होमातले वस्त्र अध्वर्यू या ऋत्विजाने घ्यावे या आणखी एका वचनाचीही त्यांनी तीच वासलात लावली आहे.

तेव्हा ‘हे कोणत्या ग्रंथात आहे’ असे नम्रपणे विचारणे ही अश्रद्धा नव्हे. साहित्य कमी पडल्याची धास्तीही बाळगू नये. नित्यकर्म यथाशक्ती केले तरी पूर्ण होते, हा सहाव्या अध्यायाचा निर्णय आहे. काही हवे म्हणून केलेले काम्यकर्म मात्र सर्व अंगांसह करावे लागते, तेथे सवलत नाही. भात न मिळाला तर नीवार, म्हणजे देवभात, चालतो. देवता, अग्नी आणि मंत्र यांना प्रतिनिधी नाही.

प्रश्न : जैमिनींनी स्त्रियांना आणि शूद्रांना यज्ञाचा अधिकार नाकारला असे आम्ही ऐकत आलो. बादरी नावाच्या आचार्यांनी त्याला विरोध केला होता, हे खरे आहे का? हे बादरी कोण? (नांदेड, असाच प्रश्न अंबाजोगाईच्या एका भगिनींनी स्त्रियांपुरता विचारला आहे)

दोन्ही प्रश्न सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादातले आहेत. त्यांचे निर्णय मात्र वेगवेगळे आहेत, म्हणून ते एकत्र कालवू नयेत.

आधी स्त्रियांचा. ‘स्वर्गकामो यजेत’ या वाक्यात ‘स्वर्गकाम’ हा शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून अधिकार पुरुषालाच, असे ऐतिशायन नावाचे आचार्य म्हणत. जैमिनी त्यांचे मत नावानिशी देतात आणि मग ब्रह्मसूत्रकार बादरायणांच्या नावाने ते खोडतात : येथे लिंग विवक्षित म्हणजे अभिप्रेत नाही, स्वर्गाची इच्छा स्त्रीलाही असते, म्हणून स्त्रीलाही अधिकार आहे. पूर्वपक्षाने यावर आणखी एक आक्षेप घेतला होता. लग्नात वधूच्या पित्याला शंभर गायी आणि रथ देतात, म्हणजे ती विकत घेतलेली वस्तू झाली. जी स्वतःच द्रव्य आहे तिच्याकडे यज्ञासाठी द्रव्य कोठून असणार? शबरस्वामींचे उत्तर मुळातून वाचण्यासारखे आहे. ते म्हणतात की ही किंमत नव्हे. किंमत वस्तूप्रमाणे कमी-जास्त होते, आणि हे दान तर कन्या देखणी असो वा नसो, शंभरच राहते. ते धर्माचे अंग आहे, आणि स्त्रीची स्वतःची मालमत्ता असते हे वेदच दाखवतो. पती-पत्नी दोघांनी मिळून एकच कर्म करायचे, असा निर्णय त्यातून निघतो. अर्थात त्याच पादात पुढे पत्नीने जेवढे सांगितले आहे तेवढेच करावे, अशी मर्यादाही घातलेली आहे, कारण तिला वेदाध्ययन नाही. अधिकार मान्य करून हात बांधून ठेवले, असे कोणी म्हटले तर ते खोडणे कठीण आहे.

आता दुसरा. ‘चारही वर्णांना अधिकार असावा, कारण वाक्यात भेद केलेला नाही’ असा पूर्वपक्ष मांडून जैमिनी आत्रेयांचे मत देतात. ब्राह्मणाने वसंतात, राजन्याने ग्रीष्मात आणि वैश्याने शरदात अग्नीचे आधान म्हणजे स्थापना करावी असे वचन आहे. शूद्रासाठी ऋतूच सांगितलेला नाही, म्हणून अग्नी नाही, आणि अग्नी नाही म्हणून यज्ञ नाही. यावर बादरी म्हणतात : ‘निमित्तार्थेन बादरिस्तस्मात्सर्वाधिकारं स्यात्’. ते वचन त्या तिघांनी आधान केव्हा करावे एवढेच सांगते. इतरांना ते मनाई करत नाही, आणि म्हणून अधिकार सर्वांचा आहे. तर्क म्हणून बादरींची बाजू मला अधिक सरळ वाटते. ज्याच्याविषयी वाक्य बोलतच नाही त्याला त्या वाक्याने बाहेर काढता येत नाही, हा नियम मीमांसक स्वतः इतरत्र आनंदाने वापरतात. पण सिद्धांत आत्रेयांच्या बाजूने दिला गेला आणि पुढची दोन हजार वर्षे तोच चालला, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

जैमिनी येथे वचनाला किती घट्ट धरून आहेत, हे त्याच पादाच्या शेवटच्या दोन अधिकरणांत दिसते. ‘रथकाराने वर्षा ऋतूत आधान करावे’ असे वचन मिळताच तीन वर्णांबाहेरच्या रथकाराला ते अग्नीचा अधिकार देतात. निषादांच्या नायकाकडून रुद्रदेवतेची एक इष्टी करवावी असे वचन आहे. तो नायक स्वतः निषादच आहे, निषादांवर राज्य करणारा कोणी त्रैवर्णिक नव्हे, असा निकाल देऊन त्याचाही अधिकार मान्य करतात. गरीब माणसाविषयीचा निर्णयही लक्षात ठेवावा असा आहे : द्रव्य आज नसेल तर उद्या येईल, दारिद्र्य ही कायमची अवस्था नव्हे, म्हणून गरिबाचा अधिकार जात नाही.

बादरींचा स्वतंत्र ग्रंथ उपलब्ध नाही. त्यांची मते जैमिनींच्या सूत्रांत आणि बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत विखुरलेली आहेत. तिसऱ्या अध्यायात द्रव्य, गुण आणि संस्कार एवढेच दुसऱ्यासाठी असतात, असे बादरी म्हणतात. जैमिनी त्यात भर घालतात की कर्मही फळासाठी असते, फळ पुरुषासाठी असते, आणि पुरुषही पुन्हा कर्मासाठी असतो. ब्रह्मसूत्रांच्या अखेरच्या पादात मुक्ताला शरीर असते का, यावर बादरी ‘नाही’ म्हणतात, जैमिनी ‘आहे’ म्हणतात, आणि बादरायण दोघांनाही होकार देतात. बादरींना आजच्या अर्थाने समाजसुधारक म्हणणे मला पटत नाही; तेही वाक्याचाच अर्थ लावत होते. तो अर्थ लावता लावता ते सर्वांच्या अधिकारापर्यंत पोहोचले, आणि ज्यांनी त्यांचे मत फेटाळले त्यांनीच ते आपल्या ग्रंथात नावासह जपले.

प्रश्न : आमच्याकडे पोळा श्रावणी अमावस्येला, सोलापूर-कर्नाटक सीमेवरच्या पाहुण्यांकडे बैलांचा सण ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी म्हणून होतो. खरा शास्त्रोक्त कोणता? (उमरगा)

या प्रश्नासाठी मीमांसेत एक स्वतंत्र अधिकरण आहे, होलाकाधिकरण. होलाका, म्हणजे आपली होळी, पूर्वेकडचेच लोक करतात. आह्नीनैबुक नावाचा आचार दक्षिणेकडचे करतात. आणि उद्वृषभयज्ञ उत्तरेकडचे, असे शबरस्वामी सांगतात. विद्यारण्यांच्या परंपरेतील माधवाचार्यांच्या ‘जैमिनीयन्यायमाला’ ग्रंथात याचा खुलासा आहे : आह्नीनैबुक म्हणजे करंजासारख्या झाडांना देवता मानून केलेली पूजा, आणि उद्वृषभयज्ञ म्हणजे ज्येष्ठी पौर्णिमेला बैलांची पूजा करून त्यांना पळवणे. आपल्या पाहुण्यांची तिथी हीच आहे. भाष्यकारांनी जो आचार उत्तरेचा म्हणून सांगितला, तो आज सीमेवरच्या गावांत घरचा सण आहे, हे गमतीचे आहे.

असा आचार त्या त्या प्रदेशापुरताच बंधनकारक आहे का, हा तेथे वाद आहे. जैमिनींचा निर्णय : नाही, तो सर्वांचा धर्म होऊ शकतो. आचाराच्या मुळाशी वेदवचन असेल असे अनुमान केले, तर त्या वचनात ‘पूर्वेकडच्यांनी’ असा शब्द घालायला आधार काय? शिवाय पूर्वेचा माणूस दक्षिणेत येऊन राहिला तरी आपला सण सोडत नाही. सूत्रात दृष्टांत मथुरेचा आहे. मथुरेचा माणूस दुसरीकडे गेला तरी त्याला ‘माथुर’च म्हणतात. यावरून तिथीचा भेद हा वादाचा विषय होत नाही. दोन्ही सण शिष्टांच्या आचाराने आलेले आहेत, आणि आपल्या सोयरिकीत बैलांना वर्षातून दोनदा पुरणपोळी मिळत असेल तर त्याला शास्त्राची हरकत दिसत नाही.

प्रश्न : मी वकिली करतो. मीमांसेचे नियम न्यायालयात वापरले गेले आहेत असे ऐकतो. एखादे ठोस उदाहरण द्याल का? जमिनीच्या मालकीविषयीही जैमिनी काही सांगतात का? (छत्रपती संभाजीनगर)

नियम पुष्कळ आहेत, दोनच घेतो. ‘ग्रहं संमार्ष्टि’, सोमाचा प्याला पुसावा. प्याले अनेक आहेत, शब्द एकवचनी आहे. एकच पुसायचा का? निर्णय असा की येथे एकवचन विवक्षित नाही, सगळे पुसायचे. कायद्याच्या अर्थनिर्णयात एकवचनात अनेकवचनाचा समावेश धरतात, हे आपल्याला सांगायला नको. दुसरा नियम सुपाचा. ‘सुपाने होम करावा, कारण त्याने अन्न तयार होते’ असे वाक्य आहे. मग ज्या ज्या साधनाने अन्न होते, त्या पळीने, पातेल्यानेही होम चालेल का? जैमिनी म्हणतात, नाही. ‘कारण’ असे म्हणून जोडलेला भाग सुपाची स्तुती आहे, त्याने नियम रुंदावत नाही. एकुलता मुलगा दत्तक देऊ-घेऊ नये, कारण तो वंश चालवण्यासाठी असतो, या वसिष्ठवचनावर हाच वाद ब्रिटिश काळातल्या न्यायालयांत झाला : कारण दिलेले आहे म्हणून ते वचन बंधनकारक मानायचे की उपदेशपर? 1899 साली प्रिव्ही कौन्सिलने एकुलत्या मुलाचे दत्तक वैध ठरवले. किशोरीलाल सरकार यांनी 1905 सालची टागोर विधी व्याख्याने मीमांसेच्या अर्थनिर्णयाच्या नियमांवरच दिली आहेत. आपल्या व्यवसायातील व्यक्तीने ती अवश्य पाहावीत.

जमिनीविषयीचे अधिकरण सहाव्या अध्यायाच्या सातव्या पादात आहे. विश्वजित् यागात यजमानाने सर्वस्व दान करायचे असते. सर्वस्व म्हणजे काय काय? आई-वडील ‘माझे’ असले तरी ते देता येत नाहीत, कारण त्यांच्यावर आपली मालकी नाही. मग सम्राटाने हा याग केला तर त्याने पृथ्वी द्यावी का? सूत्र म्हणते, भूमी देता येत नाही, ती सर्वांना सारखीच आहे. शबरस्वामी स्पष्ट करतात की भूमीचा उपभोग घेण्याचा जेवढा हक्क सार्वभौम राजाला, तेवढाच इतरांनाही. राजा पिकांचे रक्षण करतो म्हणून त्याला पिकाचा भाग मिळतो, त्यापलीकडे त्याचे काही नाही. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूखा’त याच अधिकरणाचा आधार घेऊन लिहिले की गाव-शेतांवरची मालकी त्या त्या जमीनधारकांची आहे आणि राजाला केवळ करवसुलीचा अधिकार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या वारसा आणि दत्तकाविषयीच्या जुन्या निवाड्यांत ज्या ‘मयूखा’चा उल्लेख वारंवार येतो, तो हाच ग्रंथ. जेथे निजामाची ‘सर्फ-ए-खास’ म्हणजे खासगी मालकीची गावे होती, त्या प्रदेशात हे अधिकरण वाचताना वेगळेच बळ वाटते.

प्रश्न : मीमांसक देवाला मानत नाहीत, असे एका व्याख्यानात ऐकले. मग नैवेद्य कोणाला? (धाराशिव)

नवव्या अध्यायात हा वाद आहे. पूर्वपक्ष म्हणतो की यज्ञ म्हणजे देवतेचे अतिथीसारखे भोजन. इंद्राची मान जाड आहे, हात बळकट आहेत असे मंत्रच सांगतात, म्हणजे त्याला शरीर आहे. देवतेने खाल्ले तर हवी कमी का होत नाही? तर भुंगा फुलातला रस घेतो तशी देवता अन्नातले सार घेते, म्हणून देवापुढे ठेवलेले अन्न बेचव लागते. शबरस्वामी यावर म्हणतात की ते बेचव लागते कारण वारा लागून ते गार होते. मंत्रांतली वर्णने स्तुतिपर आहेत, फळ कर्मातून मिळते, देवता ते देत नाही. ज्या नावाने हवी द्यायचे ते नाव, एवढेच देवतेचे काम.

म्हणून सगळे मीमांसक नास्तिक झाले असे मात्र नाही. कुमारिल भट्टांच्या ‘श्लोकवार्तिका’चा आरंभच चंद्रकोर धारण करणाऱ्याला वंदन करून होतो. आणि सतराव्या शतकातले खंडदेव आपल्या ‘भाट्टदीपिके’त हे अधिकरण निष्ठेने समजावून झाल्यावर लिहितात की हे जैमिनींच्या मताचे सार झाले, मला तर असे बोलतानासुद्धा वाणी विटाळल्यासारखी वाटते, म्हणून हरिस्मरण हाच आधार. मत पटत नसतानाही ते बिनचूक मांडणारा असा भाष्यकार दुर्मिळ. आपला नैवेद्य भक्तिमार्गातला आहे. तो जैमिनींच्या कक्षेत येत नाही.

प्रश्न : पैठणला मीमांसेचे केंद्र होते का? (पैठण)

पैठणची खरी कीर्ती काशीत दिसते. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात रामेश्वर भट्ट पैठणहून काशीला गेले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट, नातू शंकर भट्ट, ज्यांनी ‘मीमांसाबालप्रकाश’ लिहिला, पुढच्या पिढीत ‘निर्णयसिंधु’कार कमलाकर भट्ट आणि वर आलेले नीलकंठ भट्ट, आणि त्यानंतरचे विश्वेश्वर तथा गागाभट्ट. 1674 चा रायगडावरचा राज्याभिषेक सर्वांना माहीत असतो, पण गागाभट्ट मुळात मीमांसक होते. ‘भाट्टचिंतामणि’ त्यांचा, आणि कुमारिलांच्या ग्रंथाला धरून लिहिलेल्या ‘शिवार्कोदया’च्या नावातच शिवाजी महाराज आहेत. आजही विद्यार्थी ज्या ‘मीमांसान्यायप्रकाशा’ने अभ्यास सुरू करतात त्याचे कर्ते आपदेव, त्यांच्या वंशावळीत मूळपुरुष म्हणून गोदातीरीच्या एकनाथांचे नाव येते आणि ते पैठणचेच संत एकनाथ, असे अनेक अभ्यासक मानतात. पैठणशेजारचे आपेगाव हे ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे गाव. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकात ‘मज अवगमलिया दोनी। मिमांसा श्रवणस्थानीं’ अशी ओवी आहे, म्हणजे पूर्व आणि उत्तर अशा दोन्ही मीमांसा गणेशाचे दोन कान. कर्मकांडावर पुढे कठोर बोलणाऱ्या ग्रंथाने जैमिनींना तेथे बसवले आहे, ही जागा वाचकांच्या नजरेतून सहसा निसटते.

प्रश्न : संस्कृत जेमतेम येते. सुरुवात कोठून करावी? (हिंगोली)

सूत्रांनी सुरुवात करू नये. भाष्याशिवाय ती लागत नाहीत. लौगाक्षी भास्करांचा ‘अर्थसंग्रह’ लहान आहे, तो आधी शिक्षकाजवळ बसून वाचावा. त्यानंतर शाबरभाष्याचा सहावा अध्याय घ्यावा, कारण त्यातले वाद माणसांचे आहेत आणि पारिभाषिक शब्द तुलनेने कमी अडवतात. भाष्य पुण्याच्या आनंदाश्रमाने कुमारिलांच्या टीकेसह छापले आहे. शब्द अडला तर वाईच्या प्राज्ञपाठशाळेचा, केवलानंद सरस्वतींनी सिद्ध केलेला सात खंडांचा ‘मीमांसाकोश’ जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाहावा.